दारातल्या हत्तीचा हिशेब

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारी, मेहुणे, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? स्कूटरच्या काळापासून आपण हा प्रश्न विचारत आलो आहोत आणि त्यात गैर काही नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, तेव्हा लिटरमागे किती किलोमीटर हे विचारणे शहाणपणाचेच. गंमत अशी, की समोर दीड कोटीची, दोन टन वजनाची, पाच मीटरहून लांब सेडान उभी असली तरी प्रश्न बदलत नाही. मालक ‘दहा’ म्हणतो, विचारणारा ‘बाप रे!’ म्हणतो आणि ही गाडी पेट्रोलपंपावरच माणसाला लुटते अशी समजूत घेऊन घरी जातो. ही समजूत चुकीची आहे, आणि नुसती चुकीची असती तरी सोडून देता आली असती. ती महागात पडते. विशेषतः जुनी आलिशान गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून हुरळून गेलेल्या माणसाला.

आधी लहान गाडीचा हिशेब मांडू. सात लाखांची पेट्रोल हॅचबॅक, वर्षाला १२,००० किलोमीटर धाव, लिटरला १८ किलोमीटर. लागले ६६७ लिटर. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे १०४ रुपये होते, म्हणजे वर्षाचे पेट्रोल ६९ हजारांचे. आता घसारा. गाडीची किंमत किती उतरली हे ठरवण्यासाठी मोटार विम्यात एक रूढ कोष्टक आहे : पहिले वर्ष सरताना १५ टक्के, दुसरे सरताना २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. गाडी चोरीला गेली तर मालकाच्या हातात किती रक्कम पडेल, हे या कोष्टकावरून निघते. त्या मापाने सात लाखांतले साडेतीन लाख पाच वर्षांत गेले, वर्षाला ७० हजार. इंधन ६९, घसारा ७०. दोन्ही पारडी जवळपास सारखी. म्हणून हॅचबॅकवाल्याने ॲव्हरेजची चौकशी करणे अगदी रास्त आहे. लिटरमागे दोन किलोमीटर वाढले तर त्याच्या वर्षाच्या जमाखर्चात ते दिसते.

हेच माप मोठ्या गाडीला लावू. चाकणच्या कारखान्यात जोडलेली मर्सिडीज एस ३५० डी ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिची शोरूममधली किंमत १ कोटी ५७ लाख रुपये होती. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, २८६ अश्वशक्ती. शहर आणि महामार्ग मिळून लिटरला १० किलोमीटर धरू. त्याच १२,००० किलोमीटरना १,२०० लिटर डिझेल लागेल आणि ९० रुपयांच्या भावाने १ लाख ८ हजार होतील. घसारा? पाच वर्षांत साडेअठ्ठ्याहत्तर लाख, म्हणजे वर्षाला १५ लाख ७० हजार. हॅचबॅकमध्ये एकास एक असलेले प्रमाण इथे एकास साडेचौदा होते. दिवसाचे डिझेल २९६ रुपयांचे आणि दिवसाचा घसारा ४,३०० रुपयांचा. तोही गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली तरी. समजा मालकाचे नशीब खोटे निघाले आणि १० चे ॲव्हरेज ७ वर आले. वर्षाला ४६ हजार जास्त लागतील. हा आकडा हॅचबॅकवाल्याची झोप उडवील, पण या गाडीच्या घसाऱ्यात तो अकरा दिवसांचा खर्च आहे. ड्रायव्हरला महिना २५ हजार पगार दिला तर वर्षाचे तीन लाख होतात, डिझेलच्या जवळजवळ तिप्पट. आणि गाडीला घातलेली रक्कम बँकेत सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली असती तर पहिल्या वर्षी अकरा लाख व्याज आले असते, ते वेगळेच. घरची मंडळी हा आकडा हिशेबात धरत नाहीत, कारण त्याचे बिल येत नाही.

तरीही दहाच का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण मोठ्या गाडीबद्दलचे अर्धे गैरसमज तिथेच अडकलेले असतात. इंजिन मोठे म्हणून ते सतत जास्त पिते, असे नव्हे. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाला गाडीला दोनच गोष्टींशी झगडावे लागते : हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण. हवेला कापण्यात या गाड्या पटाईत असतात. एस क्लासचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२२ पर्यंत खाली येतो. चौकोनी बांध्याच्या बहुतेक गाड्यांना ते स्वप्नातही जमत नाही. दोन टनांहून थोडे जास्त वजन धरून गणित केले तर त्या वेगाला चाकांपाशी सतरा-अठरा अश्वशक्ती पुरते. बाकीची अडीचशेहून अधिक तशीच पडून असते. म्हणून नागपूरच्या समृद्धी महामार्गावर सरळ रेषेत चाललेली मोठी डिझेल सेडान तिच्या आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावे इतकी काटकसरी ठरते. वेग वाढवला की मात्र भाव बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १०० वरून १२० वर गेल्यावर तो ४४ टक्क्यांनी चढतो. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण तिची किंमत टाकीतून वसूल होते.

शहरात चित्र उलटे. तिथे हवा बिचारी बाजूला राहते आणि वजन हिशेब मागते. दोन टनांची गाडी शून्यापासून ताशी ६० पर्यंत न्यायची तर तिच्यात जी गतिज ऊर्जा भरावी लागते, ती डिझेलच्या भाषेत साधारण २५ ते ३० मिलिलिटर होते. पुढच्या सिग्नलला ब्रेक लागला की तेवढे डिझेल चकत्यांवर उष्णता होऊन उडून गेले. असे चाळीस सिग्नल झाले की एक लिटर निव्वळ थांबण्या-निघण्यात संपले. साडेआठशे किलोच्या हॅचबॅकचे हेच नुकसान निम्म्याच्या आसपास असते. यावर उतारा म्हणून आताच्या अनेक मोठ्या गाड्यांत ४८ व्होल्टची छोटी बॅटरी आणि जनित्र बसवतात. ब्रेक मारताना थोडी ऊर्जा परत साठवायची आणि निघताना इंजिनाला तिचा हात द्यायचा. फायदा होतो, पण दोन टन ते दोन टनच. शिवाय आपल्याकडची एक खास सवय आहे : साहेब मीटिंगला, ड्रायव्हर गाडीत, एसी चालू. मोठे इंजिन जागेवर धडधडत ठेवले तर तासाला लिटरभर इंधन सहज जाते. रोजचे दोन तास असे गेले तर वर्षाचे पन्नास हजार रुपये एक मीटरही न हलता जळतात. अशा गाडीचे ॲव्हरेज सहा निघाले तर दोष कंपनीला देण्यात अर्थ नाही.

पेट्रोलवाल्यांची तऱ्हा थोडी निराळी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ च्या आठ सिलिंडरच्या एस ५८० ला शहर आणि महामार्ग मिळून गॅलनला २० मैल दिले. आपल्या मापात लिटरला साडेआठ किलोमीटर. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. जुन्या, इथेनॉलसाठी न घडवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. मोठ्या गाडीच्या मालकाला हा फरक वर्षाला आठ-दहा हजारांचा. खरी काळजी करायची ती जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉल सोसतील का याची, कारण तिथून जे बिल निघते ते दहा हजारांवर थांबत नाही.

मग या गाड्यांच्या इंधनाची काळजी आजवर केली कोणी? मालकाने फारशी नाही, सरकारांनी केली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा केला, की कंपनी विकते त्या सगळ्या गाड्यांची सरासरी गॅलनला अमुक मैलांच्या खाली येता कामा नये. १९७८ साठी ती मर्यादा १८ मैल होती आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीसवर जायची होती. आता ज्या पिढीच्या एस क्लासमध्ये ६.९ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसत होते, त्याच देखण्या देहात मर्सिडीजने १९७८ मध्ये तीन लिटरचे, पाच सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन बसवले आणि ३०० एसडी या नावाने ती गाडी उत्तर अमेरिकेतच विकली. श्रीमंत गिऱ्हाइकाने मागणी केली म्हणून ती जन्मली नव्हती. कायद्याची सरासरी सावरायला जन्मली होती. आपल्याकडेही सरासरीचा असाच नियम २०१७-१८ पासून आहे आणि २०२२-२३ पासून तो किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतका कडक झाला. लिटरला १० किलोमीटर जाणारी डिझेल गाडी २६८ ग्रॅम सोडते. म्हणजे इंधनाचा प्रश्न खोटा नाही. तो देशाचा आहे, हवेचा आहे. मालकाच्या पाकिटाचा मात्र नाही, एवढेच माझे म्हणणे.

उलट मालकाच्या पाकिटाला आपण वर्षानुवर्षे मदतच करत होतो, हे आठवून आजही राग यावा. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये होते आणि डिझेल ४१. शेतकऱ्याचा पंप आणि मालाचा ट्रक स्वस्तात चालावा म्हणून दाबून ठेवलेला तो भाव होता आणि त्याच नळाखाली आलिशान सेडानची टाकीही भरत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले तेव्हा हा प्रकार थांबला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन लिटर आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद केली. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीवर एक टक्का पर्यावरण शुल्क घेऊन ती पुन्हा सुरू झाली. दीड कोटीवर एक टक्का म्हणजे दीड लाख. दीड वर्षाचे डिझेलही नाही.

सरकारचा खरा हात इंधनावर नसून किमतीवर असतो, आणि तो फार लांब आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर मिळून ४८ टक्के कर होता. म्हणजे एक कोटी सत्तावन्न लाखांतले जवळजवळ ५१ लाख हा कर होता. गाडी विकताना त्यातला रुपयाही कोणी वेगळा मोजून देत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर सरसकट ४० टक्के झाला. त्याच मूळ किमतीवर हिशेब केला तर गाडी साडेआठ लाखांनी स्वस्त होते. नवीन घेणाऱ्याला आनंद. पण नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आदल्या महिन्यात गाडी घेतलेल्याचे आठ वर्षांचे डिझेल एका निर्णयात गेले. त्यावर महाराष्ट्राचा वाहन कर : वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. या कराला पूर्वी २० लाखांची कमाल मर्यादा होती, १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. आपल्या उदाहरणातल्या गाडीला आता साडेतेवीस लाख पडतील. एकवीस-बावीस वर्षांचे डिझेल आरटीओत एकदम भरून टाकल्यासारखे. याउलट काही गोष्टींत हत्ती आणि बकरी एकाच मापाने मोजली जातात : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा ३२० रुपयांचा टोल दोघींना सारखाच, आणि तृतीय पक्ष विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला ७,८९७ रुपयांचा हप्ता दीड लिटरच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना एकच, मग ती इनोव्हा असो की एस क्लास.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की दीड कोटी मोजणाऱ्याला घसाऱ्याचे काय सुतक? बरोबर आहे. पण मग त्याला ॲव्हरेजचेही नसावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अशा बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात आणि कंपनीला घसारा आयकरात खर्च म्हणून दाखवता येतो. दाखवता येतो, वर्षाला १५ टक्क्यांनी, उरलेल्या किमतीवर. पण त्याने घसारा नाहीसा होत नाही. कराच्या दराइतका तुकडा सुटतो आणि बाकीचा कंपनीच माथी घेते. शिवाय तशा नोंदणीला महाराष्ट्रात वाहन कराचा दर चढा, २० टक्के, आणि बहुतेक व्यवसायांना अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तिसरा आक्षेप जास्त फिरणाऱ्यांचा. वर्षाला ४०,००० किलोमीटर धावणाऱ्याचे काय? त्याचे डिझेल ३ लाख ६० हजारांवर जाईल. घसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आतच, आणि एवढी धाव झालेल्या गाडीला पुढचे गिऱ्हाईक आणखी कमी भाव देणार.

विजेचे काय, असे हल्ली लगेच विचारतात. चाकणलाच जोडलेली मर्सिडीजची ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२ मध्ये १ कोटी ५५ लाखांना आली. १०७.८ युनिटांची बॅटरी, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२०, भारतीय चाचणीत एका चार्जला ८५७ किलोमीटर. प्रत्यक्षात त्यापेक्षा बरेच कमी समजावेत. युनिटमागे चार-पाच किलोमीटर धरले तरी वर्षाची वीज तीस-चाळीस हजारांत भागते. म्हणजे डिझेलच्या तुलनेत पाऊण लाखाच्या आसपास वाचले. पण मालकाचा मोठा फायदा तिथे नाहीच. तो जीएसटी ४० ऐवजी ५ टक्के आणि महाराष्ट्रात वाहन कर माफ, यात आहे. आणि मोठा धोकाही विजेच्या बिलात नाही. पाच-सात वर्षांनी त्या बॅटरीला बाजार काय मोल देईल, यात आहे.

आता ज्याच्यासाठी हा सगळा हिशेब मांडला तो माणूस. पहिल्या मालकाचा घसारा हा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा मोह असतो. दहा-बारा वर्षांची मोठी सेडान नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते, कधी त्याहूनही खाली. त्यातल्या पुष्कळ दिल्लीहून येतात, कारण तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा लागू झाल्यापासून मालक त्या मिळेल त्या भावाने दुसऱ्या राज्यांत काढत आले. घेणारा विचारतो : ॲव्हरेज? दलाल सांगतो : हायवेला बारा-तेरा आरामात. घेणारा मनात गुणाकार करतो, ‘महिन्याला दहा हजारांचे डिझेल, परवडेल,’ आणि सही करतो. गुणाकार बरोबर असतो. गुणायचा आकडा चुकलेला असतो. गाडीची किंमत दशांशावर आली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत दशांशावर येत नाही. ते भाग नव्या गाडीच्या भावातच बनतात आणि विकले जातात. १९९८ च्या पिढीपासून एस क्लासला स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोलणारे सस्पेन्शन आहे. फुग्याचे रबर वर्षांनी कडक होते, चिरते, आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. कंपनीचा अस्सल भाग घेतला तर एका चाकाचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि एक फुटला की उरलेले तीन त्याच वयाचे असतात. पुढचे आणि मागचे टायर अनेकदा वेगवेगळ्या रुंदीचे, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवायची सोय नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो इथे रुपयांत नाही, लाखांत असतो.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक मेख आहे, ती नव्या-जुन्या दोन्ही मालकांनी ऐकावी. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की इंजिन धूर तापवून काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी सलग काही वेळ बऱ्या वेगाने धावणे लागते. दादर ते वांद्रे, वांद्रे ते दादर एवढाच प्रवास असेल तर ती संधी येत नाही, गाळणी तुंबते, दिवा लागतो. ॲव्हरेज जास्त म्हणून डिझेल घ्यायचे आणि शहरातच फिरवायचे, हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा. शहरात वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावे. लिटरमागचे दोन-तीन किलोमीटर गेले तरी चालतील. आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यात बुटकी सेडान घालून इंजिनात पाणी ओढले गेले तर साध्या सर्वंकष विम्यात ते नुकसान बहुधा नाकारले जाते; इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतले आहे का, हे जूनच्या आत पाहून ठेवावे.

तेव्हा जुनी मोठी सेडान पाहायला जाल तर ॲव्हरेज सगळ्यांत शेवटी विचारा. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली तीन वर्षांची बिले मागा. गाडी रात्रभर बंद उभी ठेवायला सांगा आणि सकाळी चारही कोपरे सारख्या उंचीवर आहेत का ते स्वतः जाऊन बघा. विमा पॉलिसीवरची घोषित किंमत आणि दलाल सांगतो ती किंमत शेजारी मांडा. गाडीच्या किमतीच्या एक चतुर्थांश रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी स्वस्त नाही, दलाल काहीही म्हणो. आणि वाकून टायरच्या कडेवर पाहा. तिथे लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१७’ असेल तर तो टायर २०१७ च्या ऑगस्टमधला आहे.